तांब्याची पट्टी

पट्टी तिथंच होती. करंगळीएवढी, तांब्याची, खटक्याच्या पाठीमागे दोन बोल्टांवर घट्ट बसलेली. तात्या वायरमन बोटीच्या तळाशी पालथे पडून, टॉर्च धरून तिच्याकडे बघत राहिले. दुसऱ्या कुणाची असायचं कारणच नव्हतं. तीन महिन्यांपूर्वी त्यांनीच ती स्वतःच्या हातानं लावली होती.

तसं काम साधंच. जावयाच्या बोटीवर दोन बॅटऱ्या. खटका एकवर ठेवला की दिवे, पंप, रेडिओ पहिल्या बॅटरीवर चालायचे आणि दुसरी इंजिन सुरू करायला ताजी राहायची; 'दोन्ही'वर ठेवला की दोन्ही एकदम वापरल्या जायच्या. जोडणी तपासताना तात्यांनी या पट्टीनं दोन्ही बॅटऱ्या पाच मिनिटांपुरत्या एकत्र केल्या होत्या. तेवढ्यात कुणीतरी चहाला हाक मारली आणि पट्टी राहिली ती राहिलीच. आता खटका कुठंही फिरवा, दोन्ही बॅटऱ्या एकदमच उतरणार! चाळीस वर्षं हेच काम केलेला माणूस, आणि चूक अशी की शिकाऊ पोरानंसुद्धा करू नये.

बरं, वर तोंड किती चालवलं होतं! शनिवारी जावई गळानं मासे धरणाऱ्या नऊ हौशी लोकांना घेऊन समुद्रात आत गेला होता. इंजिन बंद करून, पंप आणि रेडिओ चालू ठेवून दुपारभर थांबला. निघायच्या वेळी इंजिन काही केल्या सुरू होईना आणि प्रवाह बोटीला खडकांकडे ओढू लागला. दुसऱ्या बोटीनं दोर टाकला म्हणून सगळे वाचले. धक्क्यावर उतरल्यावर जावई एवढंच म्हणाला, "तात्या, मी खटका एकवरच ठेवला होता."

"काहीतरी सांगू नका जावईबापू!" तात्या सगळ्यांना ऐकू जाईल असे ओरडले होते. "दोन्हीवर ठेवून बसलात. जोडणी माझी आहे, उगाच तिच्यावर ढकलू नका!"

लेक शेजारीच उभी होती. तिनं मान खाली घातली. जावई दोन दिवस आठवत बसला आणि तिसऱ्या दिवशी बायकोला म्हणाला, "राहिला असेल दोन्हीवर. तात्या म्हणतात म्हणजे राहिलाच असेल." चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या तात्यांच्या ह्याच.

तात्यांना लाज वाटली. इतकी, की रिकाम्या बोटीतसुद्धा त्यांनी मागे वळून कुणी बघतंय का ते पाहिलं. कुणी नव्हतं. बोटमालक संघाच्या अध्यक्षांनी त्यांनाच पाठवलं होतं. "शनिवारच्या प्रकाराची बैठक आहे, त्याआधी तेवढी जोडणी बघून या. तुमचा शब्द शेवटचा," असं म्हणाले होते. म्हणजे पुन्हा कुणी झाकण उघडणार नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. तात्यांनी पाना फिरवला, पट्टी काढली आणि पाण्यात भिरकावली. बोल्ट आवळले, झाकण लावलं, हात पुसले आणि बैठकीला गेले.

संघाची खोली भरली होती. अध्यक्षांनी विचारलं, "तात्या, जोडणी?"

"चोख आहे," तात्या म्हणाले. त्या घडीला ती होतीही.

मग जावई उठला. "चूक माझी आहे," तो म्हणाला. "तात्यांनी दहादा समजावलं होतं, तरी मी गाफील राहिलो. नऊ जीव माझ्यामुळं गेले असते. संघाचा परवाना काढून घ्या, माझं काही म्हणणं नाही." परवाना गेला तर बोट गेली आणि बोट गेली तर चूल कशी पेटायची, हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

तात्यांना बसवेना.

"थांबा!" ते ताडकन उठले. "त्यांचं काही चुकलं नाही. चूक माझी. खटक्यामागे माझी पट्टी राहिली होती. आज सकाळी बघितली मी."

"मग कुठंय ती?" अध्यक्षांनी विचारलं.

"पाण्यात टाकली."

"कुणी?"

"मीच. लाज वाटली म्हणून टाकली."

इंजिनाचा मेकॅनिक उठला, बोटीवर गेला, झाकण उघडून परत आला. "कुठंही बोट ठेवायला जागा नाही," तो म्हणाला. "अशी जोडणी करणारा माणूस पट्टी विसरेल होय? काहीतरीच!"

दोघंतिघं हसले. हसण्यात खोट नव्हती, उलट माया होती, आणि तात्यांना तीच सोसेना. त्यांनी लेकीची शपथ घेतली. शपथ ऐकून लोक आणखीच हळवे झाले.

"तात्या, बसा," अध्यक्ष हळू आवाजात म्हणाले. "लेकीच्या संसारासाठी बाप काय वाटेल ते बोलतो, आम्हाला कळतं. पण इथं माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे." त्यांनी जावयाचा परवाना पुढे ओढला आणि त्यावर 'रद्द' असं लिहिलं.

बाहेर पायऱ्यांवर तात्यांनी जावयाचा दंड धरला. "जावईबापू, तुम्ही तरी ऐका. ते सगळं खरं होतं हो! पट्टी होती!"

जावयानं त्यांचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. त्याचे डोळे भरून आले होते.

"असू द्या, तात्या," तो म्हणाला. "माझ्या बापानंसुद्धा माझ्यासाठी एवढं केलं नसतं."