ऐरणीचं माप

बापलेकाचं ठरलं होतं, तशीच म्हाताऱ्या लोहाराने घरामागच्या शेडमध्ये भट्टी मांडली. भाता बसवला, हातोडे, सांडशा हाताशी टांगल्या, ओंडक्यावर ऐरण पक्की केली. मग घण उचलला, तर दोन घावांतच त्याचा खांदा भरून आला.

चहा घेऊन आलेली सून म्हणाली, "बाबा, ऐरण उंच झालीय. हात खाली सोडला की मूठ ऐरणीला टेकावी, हे तुम्हीच ह्यांना शिकवलंत ना? ओंडका चार बोटं कापून टाका."

"राहू दे."

"अहो, पण माप चुकलंय!"



"चुकेल कसं? पोराला तिरडीवर घेण्याआधी मीच टेप लावली होती, टाचेपासून मुठीपर्यंत."