सातवा फ्रॉक

"मेला फ्रॉक कसा नेमका बसलाय राग्नाच्या अंगावर," ओलीना गुन्वरच्या कानाशी लागून म्हणाली. "खांद्याला ना सुरकुती, कमरेला ना झोळ. मादागास्करात बसून शिवायचा म्हणजे कमालच. नाहीतर तुझे स्वेटर. पोरीची बोटं दिसत नाहीत बाह्यांतून."

"वाढत्या अंगाचे विणते मी," गुन्वर म्हणाली, आणि तिचा एक टाका सुटला.

प्रार्थनाघर गच्च भरलं होतं. महिला मंडळाच्या चाळीस बायका मांडीवर विणकाम घेऊन बसल्या होत्या. समोर गुन्वरची धाकटी बहीण बोर्गहिल्ड, मिशनच्या शाळेतली बाई, सात वर्षांनी रजेवर आलेली, तिकडच्या मुलींबद्दल बोलत होती. पहिल्या रांगेत तिची लेक राग्ना. तापाच्या मुलखात लहान पोरं न्यायची नाहीत असं मिशनचं सांगणं, म्हणून चार वर्षांची असताना तिला गुन्वरच्या पदरात टाकून ती गेली होती. गोवर, डांग्या खोकला, दुधाचे दात, सगळं गुन्वरनं काढलं. त्यासाठी तिला कुणी व्यासपीठावर उभं केलं नव्हतं.

गुन्वरला बहिणीचा हेवा वाटायचा, आणि तो सगळा त्या फ्रॉकवर येऊन बसायचा. दर नाताळाला पार्सलातून एक यायचा. हा सातवा बोर्गहिल्डनं स्वतः आणला होता. दर वेळी गुन्वर मनात म्हणायची, यंदा तरी आखूड होऊ दे. आणि फ्रॉक अगदी अंगासरसा बसायचा. "आईला तिथून मी दिसते," असं राग्ना साऱ्या गावाला सांगत सुटायची. रोज सकाळी आपली वेणी कोण घालतं, हे तिनं कधी कुणाला सांगितलं नाही.

पार्सलातल्या पत्राची शेवटची ओळ ठरलेली असायची: पुढच्या फ्रॉकसाठी मापं कळव. गुन्वर उलट टपाली सगळं कळवायची. गाय व्याली, पाद्री बदलला, छप्पर गळतंय. मापं तेवढी तिनं एकदाही कळवली नाहीत.

"बाई, फ्रॉकचं गुपित तरी सांगा आम्हाला," मागून कुणीतरी म्हणालं आणि बायका हसल्या.

गुन्वरच्या सुया थांबल्या. बोर्गहिल्डनं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"पत्र पोचायला दोन-दोन महिने लागतात," ती म्हणाली. "तोवर माप जुनं होतं. पण आमच्या वसतिगृहात रसुआ नावाची मुलगी आहे, राग्नाच्याच वयाची. तिला टेबलावर उभी करायची आणि तिच्याच अंगावर टाचण्या लावून शिवायचं. फार गुणी पोर. तासभर हलत नाही. टाचणी टोचली तर हसते आणि माझ्या गळ्यात पडते. देवाची कृपा बघा, सगळे फ्रॉक इकडे नेमके बसले."

बायकांनी डोळ्यांना रुमाल लावले. ओलीनासुद्धा मुसमुसली. गुन्वरला हायसं वाटलं, खोटं कशाला बोला. तिथून दिसत-बिसत काही नव्हतं तर. मोठ्या समाधानानं तिनं राग्नाकडे पाहिलं. राग्ना समोर बघत होती आणि फ्रॉकची बाही चिमटीत धरून अंगापासून दूर ओढत होती.

गुन्वरनं मागच्या स्वयंपाकघरात जाऊन वॅफलचं गोड पीठ लोखंडी साच्यात ओतलं, तशी पोर तिच्या मागोमाग आली. बोर्गहिल्डही कॉफीची किटली घ्यायला आली होती. ती दारातच थबकली.

"मावशी, मागची बटणं काढ."

"इथे? आणि बायकांत काय शेमिजवर बसणार?"

"कोट घालीन. हा फ्रॉक त्या रसुआचा आहे. तिच्यासाठी शिवलाय. परत जाताना घेऊन जा म्हणावं."

आई दारात उभी आहे हे तिला चांगलं ठाऊक होतं. बोर्गहिल्डचा चेहरा पांढरा पडला.

या घटकेची गुन्वरनं सात वर्षं वाट पाहिली होती. तिनं वरचं बटण काढलंही. दुसऱ्याला हात घातला आणि तिला दिसलं, पोरीची मान थरथरत होती.

"वेडी आहेस का," ती म्हणाली. "टेबलावर कुणीही उभं राहील. माप तुझंच होतं. दर वाढदिवसाला तुला दाराच्या चौकटीशी उभी करून पेन्सिलीनं खूण कशाला करत होते मी? मोजायचे आणि पत्रात कळवायचे."

"मग आई तसं का नाही म्हणाली?"

पुढच्या खोट्यासाठी गुन्वरनं बहिणीकडे पाहिलं.

"मावशीचं कौतुक माझ्या तोंडून निघत नाही, म्हणून," बोर्गहिल्ड दारातून म्हणाली. "लहानपणापासूनच."

राग्नानं बाही सोडून दिली.

"वरचं बटण सुटलंय," ती म्हणाली, आणि जाऊन आईकडे पाठ करून उभी राहिली.

बोर्गहिल्डनं हातातली किटली खाली ठेवली. दोनदा तिचं काज चुकलं. गुन्वरनं ते एका झटक्यात लावलं असतं. ती वळली आणि तिनं साचा उघडला. वॅफल करपला होता. तिनं तो आपल्याच बशीत घेतला आणि उभ्या उभ्या खाऊन टाकला.