खालून वर येणारा डाग

"घासू नकोस. नुसतं टिप," कॅझ म्हणाला.

लोरेटाने हात आवरला. गॅरेजच्या अर्धवट उघड्या दारातून नोव्हेंबरचा राखाडी उजेड आत आला होता आणि गाडीच्या चालकाच्या सीटवर, त्या फिकट बदामी चामड्यावर, स्थिरावला होता. सीटच्या मधोमध ताटलीएवढा पिवळसर डाग होता. तो कशाचा आहे हे वासावरून कुणालाही कळलं असतं.

"तीस वर्षं लोकांच्या बुडाखालची चामडी शिवली," कॅझ म्हणाला. "शेवटी माझ्याच बुडानं माझी अब्रू घेतली."

"बुडाला कशाला नावं ठेवतोस? वय झालंय."

फ्लिंटच्या मोटार कारखान्यात निवृत्त होईपर्यंत कॅझ सीटच्या विभागात होता. चामड्याला काय सोसतं आणि काय सोसत नाही, हे त्याच्या बोटांना ठाऊक होतं. आज तीच बोटं साबणाच्या फेसात बुडाली होती.

"मला कळलंसुद्धा नाही गं," तो हळू आवाजात म्हणाला. "काल बोलिंगहून येताना मी चक्क गात होतो. माणसाला ओलं लागायला नको?"

"लागतंच असं नाही."

"पँट कुठाय?"

"पहाटेच मशीनमध्ये टाकली. नाहीतर तिच्याकडे बघत बसला असतास."

त्याने मान हलवली. त्या हलण्यात कृतज्ञता होती.

सप्टेंबरमध्ये त्याने गाडीने शेजाऱ्यांची रस्त्याकडेची पत्रपेटी पाडली, तेव्हा लॅन्सिंगहून आलेल्या या दोघांच्या मुलीने, मार्सीने, बजावलं होतं: आणखी काहीही झालं की गाडीच्या किल्ल्या माझ्याकडे. उद्या रविवारी ती जेवायला येणार होती. त्यांच्या रस्त्याला बस नव्हती. किल्ल्या गेल्या की बोलिंग गेलं, युनियनच्या हॉलमधली सकाळची कॉफी गेली, जुने सोबती गेले. मागे उरणार ती समोरच्या खिडकीत मावेल एवढीच दुनिया.

आणि मार्सीला ठाऊक नसलेली एक गोष्ट होती. ऑक्टोबरमध्ये शाळेसमोर लाल टोपीची एक मुलगी रस्ता ओलांडत होती. लोरेटाने शेजारून स्टिअरिंग ओढलं, म्हणून ती वाचली. "दिसली होती मला," असं कॅझ घरी येईपर्यंत म्हणत राहिला. मग दारात उभं राहून त्याने लोरेटाचा हात धरला आणि मार्सीला हे कधीही सांगणार नाही, असं तिच्याकडून वचन घेतलं. लोरेटा दिलेला शब्द मोडत नसे.

"ड्रायर आणू?" तिने विचारलं.

"छे. चामडं आक्रसेल. सावलीत, आपसूक सुकू दे."

"म्हणजे आता गेला हा कायमचा?"

"वरचा गेला." कॅझने चामड्यावरच्या बारीक छिद्रांवरून बोट फिरवलं. "यांतून जे खाली फोममध्ये उतरतं, ते सुकता सुकता पुन्हा वर येतं. कधीकधी दुसऱ्या दिवशी. आपल्याला वाटतं संपलं, आणि ते खाली बसून वाट बघत असतं."

"पहिल्याइतकंच दिसतं?"

"कधीकधी जास्तच."

"आणि वास?"

"तो तर आधी येतो."

लोरेटाने फडकं पिळलं. थेंब बादलीत पडत राहिले. "मार्सीला कळता कामा नये," ती म्हणाली.

संध्याकाळी सीट निर्मळ दिसत होती. कॅझने तिच्यावरून तळहात फिरवला. ताप उतरलेल्या मुलाच्या कपाळावरून फिरवावा तसा.

रविवारी सकाळी तो वरच्या मजल्यावर दाढी करत असताना लोरेटा गॅरेजमध्ये जाऊन आली. "सुकलीय," तिने जिन्यातून सांगितलं. पुष्कळ दिवसांनी तो शीळ घालत खाली उतरला.

मार्सी आली. बुटांवरचा चिखल झटकत म्हणाली, "काय बाबा, पत्रपेट्या उभ्या आहेत ना सगळ्या?"

"तू येणार म्हटल्यावर ताठ उभ्या आहेत बिचाऱ्या."

सूप उकळत होतं. लोरेटाने टेबलावर ताटल्या मांडल्या आणि ती थबकली. "ब्रेड संपलाय, कॅझ. मार्सीला घेऊन बेकरीपर्यंत जाऊन ये ना."

कॅझने तिच्याकडे पाहिलं. तिने डोळ्यांनीच धीर दिला. तो खुर्चीतून उठला तो दहा वर्षांनी तरुण होऊन. कोट चढवला, खिशात किल्ल्या वाजवल्या. "चल पोरी. गाडी कशी चालवतात ते दाखवतो तुला."

गॅरेजमध्ये त्याने ऐटीत चालकाचं दार उघडलं.

वास आधी आला. मग डाग दिसला, कालच्याहून मोठा, कडांना गडद. मार्सी त्याच्या खांद्यामागेच उभी होती.

मग तिने बापाच्या दंडावर हात ठेवला. "बाबा, कधीपासून होतंय हे?"

"वर आला," तो सीटकडे बघत पुटपुटला. "काल म्हटलं होतं मी हिला. वर येतो म्हणून." त्याने किल्ल्या काढल्या आणि न मागताच मुलीच्या हातावर ठेवल्या. "आईला काही बोलू नकोस. फार धडपडली गं ती हे लपवायला."

स्वयंपाकघराच्या खिडकीतून लोरेटाने दोघांना अंगणातून परत येताना पाहिलं. तो मुलीच्या आधाराने चालत होता. तिने घाईने सिंकखालच्या कपाटातून काचेची एक बरणी काढली. तिच्या तळाशी जेमतेम दोन बोटं गार कोरा चहा उरला होता, काचा पुसायचा अमोनिया मिसळलेला. शुक्रवारी, कॅझ झोपल्यावर, सीटवर ओतायला अर्धी बरणी पुरेशी झाली होती. आज सकाळी मात्र हात जरा सैलच सुटला होता. उरलेलं तिने सिंकमध्ये ओतलं आणि नळ मोठा सोडला.