शालूबाईंचा राजीनामा

शिरोलीच्या फाउंड्रीत राबणाऱ्या बायकांची पोरं शालूबाई आधी घरातच सांभाळायच्या. पुढं पाळणाघराचा ट्रस्ट झाला, अध्यक्षपदी एक पुढारी चिकटला. आता त्याला पाळणाघराची जागा विकायची होती आणि ट्रस्टी असलेल्या शालूबाई आड येत होत्या. त्यांना गाडीत घालून तो विधी महाविद्यालयाच्या मोफत सल्ला केंद्रात आला. "अडाणी हाय बाई. राजीनामा लिवा, अंगठा घ्या, सुटलो!" टेबलामागच्या विद्यार्थिनीनं, संयोगितानं, त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "मावशी, तुम्हाला ट्रस्ट सोडायचाय?" "न्हाय की! दवाखान्यात जायचं म्हणून आणलंय मला." "ऐकलंत? निघा आता." "पोरी, तुझ्या कॉलेजला देणगी देतो मी!" "गरिबाला इथं सल्ला फुकट मिळतो, साहेब. भामट्याला देणगी देऊनबी मिळत न्हाय." सोमवारी प्राचार्यांनी केंद्राला कुलूप लावलं. मंगळवारी संयोगिता पाळणाघरात सतरंजीवर शालूबाईंची तक्रार लिहीत बसली. मांडीवर कुणाचंतरी पोर झोपलेलं.