न फिरवलेला स्क्रू

वडिलांनी दोघा भावांना गिटारचा आवाज वाढवणारे अगदी सारखे जुने ॲम्प आणून दिले होते. थोरल्याचा कंपनीतून आला तसाच राहिला. धाकट्याचा मात्र वडील दर रविवारी उघडून बसत, पार्ट बदलत, पुन्हा वाजवून बघत. थोरल्याच्या पोटात तेव्हापासून दुखत होतं.

वडील गेल्यावर दोघं खोली आवरायला बसले आणि थोरल्याला राहवलं नाही. "लाडका तूच रे! माझ्या ॲम्पचा बाबांनी साधा स्क्रूसुद्धा कधी फिरवला नाही."

धूळ पुसता पुसता धाकट्याचा हात थांबला.



"दादा, माझे चुकलेले सूर ॲम्पच्या घरघरीत लपावेत म्हणून चालायची बाबांची ती सगळी खटपट. तुझ्या त्या न फिरवलेल्या स्क्रूवर मी आजवर जळत आलोय."