फाट्यावरची बेवारस पेटी

तीन महिने खपून मी मोबाइलवर वाचत खेळायचा गेम लिहिला. गोष्ट माझी, पुढं काय करायचं ते वाचणारानं ठरवायचं. पहिलाच प्रसंग: वारंगा फाट्यावर बेवारस लोखंडी पेटी दिसते. उघडायची का? एक: हो. दोन: नाही. खून, पाठलाग, सतरा शेवट, सगळं त्या पेटीत. मित्र देविदासनं दोन दाबलं. "पोलिसाची तकलीफ कोण घेईल?" गेम खतम. आमच्या बाळापूरच्या चाळीस जणांनी दोन दाबलं आणि वर मलाच कळवलं, "सोप्पाय, लगेच जिंकलो." मला शिसारीच आली. असल्या भित्र्यांसाठी लिहायचं? रागानं 'नाही' खोडून तिथंही 'हो' टाकलं आणि फोन बायकोला दिला. ज्योतीनं वाचलं. "दोन्हीकून हो हाय." "व्हय. दाब कोणतंबी." "मंग इचारता काहून?" तिनं फोन पालथा ठेवला. "लग्न ठरल्यावर मलाबी तुमी असंच इचारलं होतं, 'पसंत हाय का?'"