खालचा आकडा

लढाई सुरू झाली अन् कारखान्याच्या लॅबमध्ये हेल्परची एकच जागा निघाली. मी शाळा सोडलेला, पण आठवी पास चालणार होतं. परीक्षेत रसायनाची समीकरणं होती. ब्लॅकआउटसाठी खिडकीला काळा कागद लावला होता, त्याच्यावरच विनताताई मला खडूनं शिकवायची.

"हायड्रोजन अन् ऑक्सिजन मिळून पाणी. डावीकडे ऑक्सिजन दोन, उजवीकडे एक. मग पाण्यातल्या ओच्या खाली दोन लिही. झालं बराबर!"

"बस, इतकंच? मग मास्तर मला काहून मारत होता?"

ताई खूप हसली.

परीक्षेत मी सगळी तशीच सोडवली. साहेबानं पेपर समोरच तपासला. "बेटा, नीचे का नंबर बदल दोगे तो वो पानी ही नहीं रहेगा. किसने सिखाया?"

मी ताईचं नाव नाही घेतलं. वाटलं, तिलाही येत नसेल.

जागा मागच्या गल्लीतल्या शैलेंद्रभैयाला मिळाली. तो आमच्याकडे पेढे घेऊन आला.

"तुला कसं जमलं?" मी विचारलं.

"सोपं आहे रे. आकडा पुढे लावायचा, खालच्याला हातच नाही लावायचा. विनतानंच तर शिकवलं!"

मी ताईला स्वयंपाकघरात गाठलं. "मला काहून उलटं शिकवलं?"

"हळू बोल. नोकरी लागल्याशिवाय त्याचे बाबा आमच्या लग्नाला हो म्हणत नव्हते." तिनं माझ्या हातावर पेढा ठेवला. "अन् तू तर ही नोकरी पण दोन महिन्यांत सोडली असती."